हिंगण्याचा डायनो डे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीतल्या एका रविवारी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका शेडसमोर आपण गाडीवेडे जमतो. डायनो, म्हणजे गाडीची ताकद रोलरवर मोजणारं मशीन, ट्रेलरवर बाहेरगावाहून येतं, दिवसभर एकेक गाडी त्यावर चढते, आणि रात्रीपर्यंत मला फोन येत राहतात. नावनोंदणीच्या टेबलावर मीच बसतो, त्यामुळे प्रश्न तोंडपाठ झालेत. एकदाची उत्तरं लिहून टाकतो.

कंपनी १०५ पीएस (ताकदीचं एकक, हॉर्सपॉवरसारखंच) म्हणते, माझ्या कागदावर ९१ आले. १४ पीएस गेले कुठे?

कुठे गेले नाहीत, वाटेत खर्च झाले. कंपनी इंजिन बाहेर काढून बेंचवर बसवते आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या, टोकाशी ताकद मोजते. आपण मोजतो ती रस्त्याला मिळणारी, म्हणजे चाकावरची. मध्ये गिअरबॉक्स आहे, त्यातलं तेल घुसळावं लागतं, डिफरेन्शियल आहे, बेअरिंगं आहेत, आणि रोलरवर दबून गरम होणारा टायर आहे. प्रत्येक जण आपला हिस्सा काढून घेतो. पुढच्या चाकांच्या मॅन्युअल गाडीत साधारण १० ते १५ टक्के जातात. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये त्याहून जास्त, चारही चाकं फिरवणाऱ्या गाडीत आणखी. १०५ च्या गाडीला ९१ म्हणजे तब्येत ठणठणीत आहे, पेढे वाटा.

मग चाकावरच्या आकड्यात १५ टक्के मिळवले की इंजिनचा आकडा मिळेल ना?

हे गणित सगळे करतात आणि मला ते आवडत नाही. घट ही ठरावीक टक्केवारी नसते. तिचा काही भाग वेगाबरोबर वाढतो, काही भाग लोडबरोबर, काही तेल किती तापलंय त्यावर. १५० पीएसची गाडी रीमॅप करून (इंजिनच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलून) १९० केली, तर त्याच गिअरबॉक्सने अचानक सहा पीएस जास्त खावेत असं काही कारण नाही. टक्केवारी लावली की ते सहा पीएस फुकटचे तुमच्या खात्यात जमा होतात. रीमॅप विकणाऱ्याला हे गणित का आवडतं ते ओळखा.

काही मशीनवर रन (गाडी एकदा पूर्ण ताकदीने पळवणं) संपल्यावर क्लच दाबून गाडी आपोआप मंदावू देतात आणि त्या मंदावण्यावरून घट मोजतात. टक्केवारीपेक्षा हे बरं, पण तोही अंदाजच. आपण कागदावर फक्त चाकावरचा आकडा छापतो.

पुण्यातल्या मित्राची तीच गाडी, तेच मॉडेल. त्याला आठ पीएस जास्त आले. काहून?

आधी त्याचा कागद मागवा आणि आकडा सोडून त्यातल्या बाकीच्या गोष्टी वाचा. मशीन कोणतं होतं? निव्वळ जड ड्रम फिरवून, तो किती झपाट्याने वेग घेतो यावरून ताकद काढणारी मशीनं असतात. ड्रमला विद्युतचुंबकी ब्रेक लावून गाडीला रस्त्यासारखं ओझं देणारीही असतात. तिसरा प्रकार चाकं काढून थेट हबला जोडतात, म्हणजे टायरचा खर्चच वाचतो. तीन ठिकाणी एकाच गाडीचे तीन आकडे येतात आणि तिन्ही खरे असतात. ड्रमवाल्या मशीनवर आकडा सहसा जरा उदार येतो, ब्रेकवाल्यावर कंजूष.

मग एकक बघा. बीएचपी, पीएस की किलोवॅट? १०० किलोवॅट म्हणजे १३६ पीएस, आणि तेच १३४ बीएचपी. फरक दीड टक्क्याचाच, पण कट्ट्यावर दीड टक्क्यावरूनही मैत्री तुटायची वेळ येते.

आणि शेवटी करेक्शन बघा. खरी मेख तिथेच आहे, म्हणून ते सविस्तर सांगतो.

करेक्शन फॅक्टर म्हणजे काय? आकडा वाढवून दाखवतात का?

इंजिन हवा ओढतं. हवा जितकी दाट, तितका ऑक्सिजन जास्त, तितकं पेट्रोल जाळता येतं. हवा तापली की विरळ होते, उंचीवर विरळ होते, दमट असली तर तिच्यातली थोडी जागा वाफ अडवते. म्हणून मुंबईतल्या पहाटेची आणि नागपुरातल्या दुपारची तुलना करायची, तर दोन्ही आकडे एका ठरावीक हवेवर आणून ठेवावे लागतात. एसएई जे १३४९ या मानकात ती ठरावीक हवा २५ अंश सेल्सियस आणि ९९० मिलिबार कोरड्या दाबाची आहे. डिन ७००२० मध्ये २० अंश आणि १०१३ मिलिबार. म्हणजे डिनची हवा मुळातच जास्त पौष्टिक, त्यामुळे तोच रन डिनवर छापला की आकडा दोन ते चार टक्के वर जातो. गाडीला हातही न लावता. पुण्याच्या मित्राचे आठातले तीन-चार पीएस इथेच सापडतील.

आता आपल्या गावाचं बघू. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे, म्हणजे हवेचा दाब मुळातच साडेतीन टक्क्यांनी कमी. त्यात मे महिना. शेडमध्ये ४३-४४ अंश, कूलर लावला तर हवेत वाफ वाढते ती वेगळीच. टर्बो (हवा दाबून इंजिनात कोंबणारा पंखा) नसलेल्या पेट्रोल इंजिनाला अशा दुपारी एसएईच्या सूत्राने जवळपास १.०८ चा गुणक, म्हणजेच करेक्शन फॅक्टर, लागतो. जानेवारीत सकाळी १८ अंशांना तोच गुणक १.०२ च्याही खाली असतो.

याचा अर्थ असा. धरा, तुमच्या स्विफ्टचा दुरुस्त केलेला आकडा दोन्ही दिवशी ७२ पीएस आला. जानेवारीत त्यातले ७१ चाकांनी खरंच दिले होते. मेमध्ये चाकांनी दिले ६६-६७, बाकीचे सूत्राने. लक्ष्मीनगरच्या सिग्नलवर उन्हाळ्यात गाडी 'मरगळल्यासारखी' वाटते ती उगाच नाही.

आणखी एक गोष्ट, जी फार कोणी सांगत नाही. अशा काही मानकांना गुणक साधारण ०.९३ ते १.०७ या हद्दीतच मान्य असतो. त्यापलीकडे सूत्रावर विश्वास ठेवू नका, असं मानकच म्हणतं. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी केलेली चाचणी तांत्रिकदृष्ट्या चाचणीच नाही! डायनो डे जानेवारीत आणि सकाळी सातला का, असं विचारत जाऊ नका.

टर्बो गाडीलाही हेच करेक्शन लावायचं का?

इथे गडबड होते. आजकालच्या टर्बो पेट्रोलमध्ये ईसीयू (इंजिनचा संगणक) बूस्टवर, म्हणजे टर्बोने दिलेल्या हवेच्या दाबावर, लक्ष ठेवून असतो. बाहेरची हवा विरळ असेल तर टर्बोला जरा जास्त फिरवून तो घाटा बराचसा भरून काढतो. म्हणजे गाडीने स्वतःच करेक्शन केलं, वर आपण १.०८ ने गुणलं, की एकाच कामाची मजुरी दोनदा. म्हणून टर्बो गाड्यांच्या कागदावर आपण दुरुस्त न केलेला आकडाही छापतो, आणि तोच आधी वाचा. उष्णतेचा त्रास त्यांनाही होतो, पण तो इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा रेडिएटर) तापण्याचा. लागोपाठ तीन रन मारले की तिसऱ्यात इंजिनात जाणारी हवा इतकी गरम असते की नॉकच्या (इंधन अवेळी पेटण्याच्या) भीतीने ईसीयू टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो आणि आकडा उतरतो. दोन रनमध्ये पंख्यासमोर गाडी थंड होऊ द्या. घाई करणाऱ्याची गाडी हमखास कमी दाखवते.

मग सगळ्यात जास्त पीएस कोणाचे, याचा फळा का लावत नाही?

लावला होता, पहिल्या वर्षी. एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या. एक सकाळी आठला चढली, दुसरी दुपारी एकला. फरक पाच पीएसचा. दुसऱ्याने पहिल्याला गाठलं : 'काहून बे, तू तर म्हणत होता माही स्टॉक आहे!' गाडी कंपनीतून आली तशीच आहे, अशी पहिला आईची शपथ घ्यायला लागला. दोघांनी एकमेकांच्या गाडीची बॉनेट उघडली, फिल्टर काढून पाहिले, सायलेन्सरखाली डोकं घातलं. काही सापडेना.

शेवटी माझं लक्ष चाकांवर गेलं. दुसऱ्याने १५ इंचांच्या जागी १७ इंचांचे जड अलॉय टाकले होते. निव्वळ ड्रमच्या मशीनवर गाडीला ड्रमसोबत स्वतःची चाकंही पळवावी लागतात, आणि जड चाकांवर खर्च झालेली ताकद कागदावर दिसत नाही. घासाघीस करून पहिल्याची चाकं दुसऱ्याच्या गाडीलाही उसनी लावली आणि दोन्ही गाड्या एकामागोमाग चढवल्या. फरक एक पीएस. तीच गाडी, तेच मशीन, पाच मिनिटांच्या अंतराने चढवली तरी एक-दीड टक्का इकडेतिकडे होतोच, म्हणजे हा फरक नाहीच.

फळा त्याच दुपारी उतरवला. आता टेबलावर वही असते. तीत वेळ, तापमान, गुणक, टायरचं माप आणि दोन्ही आकडे लिहिलेले असतात. ज्याला तुलना करायची आहे त्याने सगळे रकाने वाचून करावी.

आलेख कसा वाचायचा? दोन रेघा आहेत, मला फक्त शिखर दिसतं.

एक रेघ टॉर्कची (इंजिनच्या पिळण्याच्या जोराची), एक पॉवरची. पण मोजलेली गोष्ट एकच आहे, दुसरी त्यावरून गुणाकाराने येते. न्यूटन मीटरमधल्या टॉर्कला आरपीएमने (मिनिटाच्या फेऱ्यांनी) गुणायचं आणि ७०२३ ने भागायचं, की पीएस मिळतात. ही एक गोष्ट पाठ केलीत तर कट्ट्यावरचे निम्मे वाद बंद होतील.

करून बघा. १.५ टीएसआयवाल्या स्लाव्हिया किंवा व्हर्टसला कंपनी २५० न्यूटन मीटर सांगते, १६०० ते ३५०० आरपीएमपर्यंत. ३५०० ला पॉवर किती? सुमारे १२५ पीएस. १५० पीएस ५००० ला येतात, आणि तेव्हा टॉर्क उतरून २११ च्या आसपास आलेला असतो. टॉर्क पडतोय तरी पॉवर वाढतेय, कारण फेऱ्या त्याहून वेगाने वाढताहेत. आता थारचं २.२ डिझेल घ्या : ३०० न्यूटन मीटर, १६०० पासून. १६०० ला ६८ पीएस. जुन्या होंडा सिटीचं १.५ आय-व्हीटेक ११९ पीएसचं, पण ते ६६०० ला. शिखरं बघितली तर थार १३० च्या आसपास आणि सिटी ११९, म्हणजे शेजारीशेजारी. पण ४६०० ला जेव्हा सिटीचा टॉर्क सगळ्यात जास्त, १४५ असतो, तेव्हाही तिचे पीएस ९५ च आहेत. खाली १६०० ला ती थारच्या आसपासही नसते. स्वभावच वेगळे.

म्हणून शिखर सोडा. तुम्ही ज्या आरपीएमवर रोज गाडी चालवता तिथे बोट ठेवा आणि रेघ वर बघा. वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबांमधून ऑफिसला जाताना ६६०० कोण गाठतं?

दुसरं, रेघ गुळगुळीत आहे की दातेरी ते बघा. स्मूदिंग नावाची सेटिंग असते, ती जास्त ठेवली की दाते पुसले जातात. आपण ती कमी ठेवतो, आलेख ओबडधोबड दिसतो, पण आजार लपत नाही. मागल्या वर्षी माझ्याच जीटी टीएसआय या टर्बो गाडीच्या आलेखात ३२०० च्या पुढे टॉर्क बसला होता, जशी पोळी फुगता फुगता फुटावी तसा. मी पेट्रोलला दोष दिला, स्पार्क प्लगला दिला. मशीनवाला पोरगा वाकला, इंटरकूलरच्या नळीवर हात ठेवला आणि म्हणाला, 'भाऊ, एक रन अजून मारा.' बूस्ट चढताच नळीच्या तोंडातून फुस्स! आदल्या रविवारी घरी फिल्टर बदलताना मीच क्लिप सैल ठेवली होती. पान्याचे दोन आटे, आणि पुढच्या रनला खड्डा भरून आला. शिखराचा आकडा तीनच पीएसनी बदलला. ४००० च्या आसपासचा टॉर्क मात्र वीसहून अधिक न्यूटन मीटरने.

कोणत्या गिअरमध्ये रन घेतात?

इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या फेऱ्या जवळजवळ सारख्या असतील अशा गिअरमध्ये, म्हणजे बहुतेक चौथ्यात. छोट्या गिअरमध्ये सगळं इतक्या झटपट संपतं की टायर घसरतो आणि टर्बोला बूस्ट बनवायला वेळ मिळत नाही. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड हवा आणि किकडाउन (पाय दाबताच गिअर आपोआप खाली पडणं) होता कामा नये. सीव्हीटीवाल्यांनो, तुमचा कागद हौसेपुरताच, कारण गिअर एका जागी धरून ठेवायची सोयच नसते.

डायनोवर इंजिन खराब होतं का?

एक रन दहा-पंधरा सेकंद फुल थ्रॉटल. बुटीबोरीच्या पुढे एका मागोमाग तीन ट्रकना ओव्हरटेक करताना तुम्ही याहून जास्त वेळ पाय दाबून धरता. फरक हवेचा आहे. रस्त्यावर समोरून १०० च्या वेगाने वारा येतो, इथे पंखा, आणि पंखा कितीही मोठा असला तरी तो पंखाच. कूलंट कमी असलेली, तेल जुनं झालेली, चेक इंजिनचा दिवा लागलेली गाडी घेऊन येऊ नका. आम्ही चढवणार नाही, मग रुसायचं नाही.

येताना गाडीत काय तपासून आणायचं?

टायर आधी. रिमोल्ड चालत नाही, फुगा आलेला टायर अजिबात चालत नाही. हवा कंपनीने सांगितली तेवढीच. कमी असली तर टायर दबून ताकद खातो, आणि काही हुशार पोट्टे ४५ पीएसआय भरून येतात, ती आम्ही काढून टाकतो. खाचांतले खडे आधी काढा, १५० च्या वेगाला ते गोळीसारखे सुटतात. टाकी अर्धी तरी भरलेली असावी. डिकीतलं लग्नाचं सामान घरी ठेवा.

गाडीला पुढून-मागून पट्टे बांधतात. ते किती आवळले यावरही आकडा हलतो, म्हणून एकाच दिवशी एकच माणूस पट्टे बांधतो. मालकाने त्यात हात घालू नये.

ई-२० पेट्रोलमुळे पीएस कमी होतात का?

मायलेज आणि पॉवर यांत गल्लत होते. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश कमी, म्हणून २० टक्के मिसळल्यावर लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरते. पण फुल थ्रॉटलला इंजिनाची मर्यादा हवेची असते, पेट्रोलची नाही. ई-२० साठी जुळवलेली गाडी इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवते आणि हिशोब बरोबर करते. शिवाय ई-२० चं ऑक्टेन ९५ आहे, त्यामुळे टर्बो गाडीचं टायमिंग मागे यायची शक्यता कमी होते. जुन्या, त्यासाठी न बनलेल्या गाडीच्या रबरी नळ्यांची काळजी वेगळी, ती मिस्त्रीला विचारा. दोन कागदांची तुलना करायची असेल तर दोन्ही वेळा एकाच पंपाचं, एकाच प्रतीचं पेट्रोल भरा, एवढंच माझं म्हणणं.

रीमॅप केल्यावर किती वाढ खरी मानायची?

टर्बो गाडीत १५ ते २५ टक्के सहज मिळतात, कारण कंपनीने जागा ठेवलेली असते. टर्बो नसलेल्या पेट्रोलमध्ये तीन-चार पीएस मिळाले तर नशीब, आणि ते करेक्शनच्या गोंधळात हरवून जातात. खरी परीक्षा एकच : रीमॅपच्या आधीचा आणि नंतरचा रन एकाच दिवशी, एकाच मशीनवर, तशाच तापलेल्या गाडीत. 'आधी'चा कागद कंपनीच्या माहितीपत्रकातून आणि 'नंतर'चा डायनोवरून घेतलेला कोणी दाखवला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

टॉर्क वाढवताना गिअरबॉक्सचाही विचार करा. सात गिअरच्या ड्राय क्लचवाल्या डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मर्यादाच २५० न्यूटन मीटरची आहे. १.५ टीएसआय कंपनीतूनच तिथे पोहोचलेलं आहे. पुढचं क्लचच्या पाकिटातून जाईल, आणि ते पाकीट जड आहे.

हे सगळं कायद्याने चालतं का?

गाडी रोलरवर मोजायला काही हरकत नाही. गाडी बदलण्याला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी जाते, विम्याचा दावा अडकू शकतो. मी कोणाला शहाणपण शिकवत नाही, पण 'कोणाला कळतंय' असं म्हणणाऱ्याला हे माहीत असावं.

आणि कागद घेऊन थेट समृद्धीवर 'खात्री करायला' जाणाऱ्यांना पुढच्या वर्षी नोंदणी मिळणार नाही. तिथे कारची मर्यादा १२० आहे. शेडमध्ये पट्ट्याने बांधलेली गाडी १८० पळवून झाली ना, आता घरी जा.

फोर बाय फोर गाडी आणता येईल का?

आपल्या मशीनला एकच जोडी रोलर आहे. थारसारखी गाडी टू-हायमध्ये (फक्त मागची चाकं चालवणाऱ्या मोडमध्ये) टाकून मागच्या चाकांवर चढवता येते. कायम चारही चाकांना ताकद देणारी, किंवा गरज वाटली की आपोआप देणारी गाडी आणू नका. पुढची चाकं फिरताहेत आणि मागची जागेवर, हे पाहून तिचा क्लच मधे पडतो आणि जळतो.

इलेक्ट्रिक गाडी?

आणा की. रन शांत होतो, रेघ सुरुवातीपासूनच उंच असते, आणि बाजूला उभे डिझेलवाले गप्प होतात.

घरच्यांना, मुलांना आणलं तर चालेल का?

चालेल, पण कानात बोळे घालून आणा. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज दुप्पट होतो. रन चालू असताना गाडीच्या थेट पुढे किंवा मागे कोणीही उभं राहायचं नाही, फोटोसाठी सुद्धा नाही. पट्टा तुटला तर गाडी पुढे जाते, खडा सुटला तर मागे येतो. बाजूला पिवळी रेघ मारली आहे, तिच्या पलीकडे.

नाश्त्याचं काय?

तर्री पोहे साडेआठला येतात. नंबर सकाळी नवाच्या आत लागणार असेल तर आधी रन घ्या. तर्रीचे हात स्टिअरिंगला लागले की पुढचा आठवडाभर गाडीत वास राहतो, हे मी अनुभवाने सांगतोय.

कागद हरवला तर परत मिळेल का?

मशीनच्या संगणकात रन गाडीच्या नंबराने साठवलेला असतो, पण ट्रेलर संध्याकाळी सहाला निघतो. त्याआधी फोटो काढून घ्या, आणि फोटोत वरचा कोपरा येऊ द्या. तापमान आणि गुणक तिथेच छापलेले असतात, आणि नेमका तोच कोपरा सगळे कापतात.